रुईची म्हातारी आणि माळावरचा वारा

रुईची वाळलेली शेंग उकलली की आतून रेशमासारखे पांढरे तंतू निघतात. पोरं त्याला म्हातारी म्हणतात आणि फुंकर मारून उडवतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड कॅमेऱ्यात टिपायला जाणाऱ्याच्या खिशात ही म्हातारी असायलाच हवी. जुन्या फिल्मच्या प्लास्टिक डबीत पाच-सहा शेंगांचा कापूस सहज मावतो. शेंग पूर्ण वाळलेलीच घ्यायची, कारण हिरव्या रुईचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

वाऱ्याची दिशा पाहायला बरेच जण टाल्कम पावडर उडवतात. तिला मुळात सुगंध असतो आणि दीड-दोन मीटरवर ती दिसेनाशी होते. रुईचा तंतू मात्र दुर्बिणीतून तीस-चाळीस मीटरपर्यंत दिसत राहतो. आधी सरळ जातो, मग बाभळीपाशी वळतो, ओढ्यावर आला की खाली बसतो. तुमचा वासही अगदी याच वाटेने जातो. म्हातारी जिथे पोचली तिथे तुम्ही पोचलात असंच समजायचं.

एवढा तपशील द्यायचं कारण म्हणजे "आज नशीब नव्हतं" हे वाक्य. चिंकारा साठ मीटरवर आला, थबकला, पुढचा पाय आपटला, नाकातून शिंकेसारखा आवाज काढला आणि उधळला. लपणीत, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, बसलेल्याने काही हालचाल केलेली नसते, म्हणून तो नशिबाला बोल लावतो. पाय आपटणं आणि शिंकणं हा चिंकाऱ्याचा धोक्याचा इशारा आहे. समोर काही दिसत नसताना तो इशारा आला, तर बहुतेक वेळा वासच लागलेला असतो.

ही गोष्ट सगळ्यात बारकाईने अभ्यासली ती धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांनी. अमेरिकेत हरणामागे जाणारा धनुर्धारी साधारण वीस ते चाळीस मीटरवरून बाण सोडतो, आणि तेवढ्या जवळ वारा चुकला तर सगळंच चुकतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जाळं लावणं, हाका घालून जनावर उठवणं आणि आमिष दाखवणंही येतं, हे कॅमेरावाल्यांनी नीट लक्षात ठेवावं. लांडग्यासाठी कोंबडीचे तुकडे टाकणं म्हणजे फोटोग्राफी नव्हे. तिकडचे शिकारी मादीच्या मूत्राचा वास लावून नराला जवळ आणतात. तसलं काहीही इथे करायचं नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते वाऱ्याचं भान, आणि तेही वनखात्याची परवानगी घेऊन.

त्यांचा एक आग्रह मात्र इथे जसाच्या तसा लागू होत नाही. माणसाचा वास शून्यावर आणण्यासाठी ते सक्रिय कोळशाचे कपडे वापरतात, ओझोनची यंत्रं लावतात. ओझोन फुप्फुसांना अपायकारक आहे, त्याच्या वाटेला जाऊच नये. आणि बारामती-इंदापूरचा माळ हे काही निर्मनुष्य जंगल नाही. तिथे रोज मेंढरं चरतात, बाया सरपण नेतात, उसाच्या ट्रॉल्या जातात. तिथल्या जनावराला माणसाचा वास ओळखीचा आहे. धनगराच्या घोंगडीचा, मेंढ्यांच्या लोकरीचा, चुलीच्या धुराचा वास त्याच्या हिशेबात बसलेला असतो. तो वास पायवाटेने येतो, आवाज करत येतो आणि पुढे निघून जातो. भलत्या जागी, एकाच ठिकाणी तास-दोन तास थांबलेला माणसाचा वास त्याला खटकतो. त्यात डिओ, सनस्क्रीन, पेट्रोल आणि डांबरगोळ्या मिसळल्या की तो वास या माळाचा नाही हे त्याला लगेच कळतं. म्हणून वास पुसून टाकण्यात फार शक्ती घालवू नये. परका वास काढायचा आणि उरलेला वास जनावर येणार नाही त्या बाजूला न्यायचा, एवढंच काम आहे.

परका वास काढण्याची सुरुवात कपड्यांपासून. सुवासिक पावडरने धुतलेला शर्ट दोन-तीन धुण्यांनंतरही दरवळतो. शिवाय अशा पावडरींमधली पांढरेपणा आणणारी द्रव्यं निळसर चमकतात. हरणांच्या डोळ्यांना निळा रंग चांगला दिसतो, त्यामुळे खाकी शर्टही त्यांना उजळ वाटू शकतो. यावर रिठ्यासारखा उपाय नाही. आठ-दहा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळायचे आणि गाळून घ्यायचे. एवढ्या पाण्यात दोन जोड कपडे निघतात. शेवटच्या बादलीत दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून खळबळायचे आणि सावलीत वाळवायचे. कपडे वाळत घालायचे ते गच्चीवर. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत टाकलेल्या कपड्यांना हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास धरतो, आणि तो घरच्यांना कळतही नाही. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवायचे आणि माळावर पोचल्यावरच घालायचे. गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी मोकळे ठेवले तर सगळी मेहनत वाया.

बुटांचंही तसंच. चामड्याचे आणि कापडी बूट वास शोषतात, रबरी गमबूट फारसा शोषत नाहीत. पण गमबूट घालून कोणी पेट्रोल पंपावर उतरला तर तळव्याला लागलेलं इंधन थेट माळावर जातं. पुण्यातून चप्पल घालून निघा, गमबूट तिथे चढवा. कॅमेऱ्याच्या बॅगेकडे कोणाचं लक्ष जात नाही. बुरशी लागू नये म्हणून कप्प्यात टाकलेल्या डांबरगोळ्या, सॅनिटायझर, लेन्स पुसायचा सुवासिक कागद, गेल्या वेळच्या वडापावची कागदी पुडी, हे सगळं आदल्या दिवशी बाहेर काढा. डांबरगोळ्यांऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

अंगाचं सांगायचं तर ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो कुजवतात तेव्हा वास तयार होतो. म्हणून निघण्यापूर्वी बिनवासाच्या साबणाने आंघोळ आणि काखेत चिमूटभर सोडा पुरतो. केसांना सुगंधी तेल नको. आदल्या रात्री लसणाचा ठेचा आणि कच्चा कांदा टाळावा, कारण तो श्वासातून निघत राहतो आणि श्वास काही झाकता येत नाही. डासांसाठी मलम न लावता पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर जाळी वापरावी.

इथवरचं सगळं करूनही जे हातात राहत नाही ते म्हणजे वारा, आणि पुण्याहून जाणाऱ्यांची खरी चूक इथेच होते. एप्रिल-मेमध्ये बहुतेक जण दुपारी निघून संध्याकाळच्या उजेडासाठी बसतात. सूर्य पाठीशी हवा म्हणून पूर्वेकडे तोंड करतात. पण त्या दिवसांत दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि संध्याकाळी त्याचा जोर वाढतो. म्हणजे पाठीवर सूर्य आणि पाठीवरच वारा. उजेड उत्तम, चौकट उत्तम, आणि तुमचा वास थेट पाणवठ्यावर. असे चार-पाच रविवार गेले की माणूस नशिबावर विश्वास ठेवायला लागतो.

यातून वाट एकच. संध्याकाळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून बसा. उजेड बाजूने पडेल, चिंकाऱ्याच्या शिंगांची वळी त्यात उलट जास्त उठून दिसतात. वारा तुमच्या आणि जनावराच्या मधून आडवा जाईल. पूर्वेला तुमचा वास जिकडे वाहतो, तिकडे डांबरी रस्ता, नांगरलेलं शेत किंवा वस्ती असेल अशी जागा निवडा. लांडगा आणि तरस संशयास्पद काही दिसलं तर वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतात आणि तिथून वास घेतात. ती बाजू त्यांना नकोशी असेल तर वळसा होत नाही. सकाळी वारा पश्चिमेकडून असेल तर मात्र सगळं जुळून येतं. सूर्य पाठीशी, वारा तोंडावर. उन्हाळ्यात पहाटे चारला उठायचा कंटाळा येतो, पण हा हिशेब बघता ते उठणं परवडतं.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडलेला असतो आणि मोबाइल "वारा 3 किमी" असं काहीतरी दाखवतो. ते आकडे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे असतात. गुडघाभर गवतात काय चाललंय ते शिमला ऑफिसच्या, म्हणजे पुणे वेधशाळेच्या, अंदाजातही येणार नाही. तिथे थंड हवा पाण्यासारखी उताराने घरंगळत ओढ्यात उतरते. त्यामुळे लपण चढावर असेल तर वास ओढ्यात साचतो, आणि पहाटे जनावरं नेमकी ओढ्याकाठानेच फिरत असतात. म्हणून थंडीत लपण ओढ्याच्या बाजूला, खाली, आणि नजर चढाकडे. ऊन तापू लागलं की, साधारण नऊच्या सुमारास, हवा उलटी चढाला लागते. म्हातारी वर जाताना दिसली की तिथला खेळ संपला, उठायचं. सूर्य मावळतानाही हीच उलथापालथ उलट्या क्रमाने होते. पावणेसहापर्यंत सगळं सुरळीत होतं आणि सहाला सगळी हरणं पळाली, या तक्रारीचं मूळ तिथे असतं.

बाभळीची रांग, बंधारा आणि वनखात्याने खणलेले सलग समतल चर यांच्या आडोशाला बसायचा मोह होतो. पण आडोशामागे वारा गोल फिरतो, झाडांच्या उंचीच्या पाच-सात पट अंतरापर्यंत. तिथे म्हातारी सोडली तर ती पुढे जाते, घुटमळते आणि परत तुमच्याच तोंडावर येते. अशा जागी कुठलीही दिशा भरवशाची नसते. त्यापेक्षा मोकळ्यावरची बुटकी लपण बरी. कापडी लपण नवी असेल तर सोड्याच्या पाण्याने पुसून पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवा, नव्या कापडाचा रासायनिक वास फार उग्र असतो. बसल्यावर फक्त पुढची खिडकी उघडी ठेवा. मागची उघडली की वारा आरपार जातो आणि आतला सगळा वास घेऊन बाहेर पडतो.

धनुर्धाऱ्यांचा आणखी एक धडा आवाजाचा. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 85 मीटर जातो, आवाज 340 मीटर. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज 0.09 सेकंदात पोचतो, बाणाला 0.35 सेकंद लागतात. तेवढ्यात हरीण झटक्याने खाली दबतं आणि बाण वरून जातो. कॅमेऱ्यात याचं रूप असं की पहिली फ्रेम छान, दुसरीपासून कान मागे आणि अंग आखडलेलं. आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा असेल तर पहिल्या खटक्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा. मिररलेस असेल तर आवाज पूर्ण बंद करा.

एवढं सांभाळल्यावर जे उरतं त्याला नशीब म्हणायला हरकत नाही. वाडीवरची मोकाट कुत्री मागे लागतात, आणि माळावरच्या जनावरांचं सगळ्यात मोठं दुखणंही तीच आहेत. ऐन वेळी मेंढरांचा कळप आडवा येतो. तो त्यांचाच माळ आहे, मेंढपाळ दादांना राम राम करून वाट द्यायची. नशीब कुठलं आणि चूक कुठली हे कळण्यासाठी एक वही ठेवा. प्रत्येक बैठकीला पाच नोंदी पुरतात: जागा, वेळ, दर पंधरा मिनिटांनी म्हातारी कुठे गेली, जनावर कुठून आलं, कुठल्या क्षणी बिथरलं. दहा बैठकींनंतर वही उघडली की ठरावीक जागा आणि ठरावीक वेळा आपोआप वर येतात.

दोन ठिकाणी वारा कितीही अनुकूल असला तरी बसायचं नाही. एक, हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं असलेल्या बिळाजवळ, कारण त्रास झाला तर मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत ती कुत्र्यांच्या तावडीत सापडू शकतात. दुसरं, मे महिन्यात आसपासच्या एकुलत्या एक पाणवठ्यावर. तिथे चिंकारा येऊन दोनदा परत फिरला तर तो तुमच्यामुळे तहानलेला राहतोय. त्या क्षणी लपण गुंडाळायची, फोटो झालेला असो वा नसो.

उठतानाही वारा पाहायचा. अंधार पडल्यावर, समोर जनावर नाही याची दुर्बिणीतून खात्री करून, आलात त्याच वाटेने परत फिरायचं. जनावरांची पायवाट ओलांडायची नाही आणि बाभळीच्या फांद्यांना उघड्या हाताने धरायचं नाही, हातमोजे गाडीपाशी पोचेपर्यंत काढू नयेत. पाणवठ्याला वळसा लांबचा पडला तरी चालेल. रात्री तिथे कोण पाणी प्यायला येणार आहे ते आपल्याला दिसणार नसतं, पण आपण तिथून गेलो हे त्याला सकाळपर्यंत कळत राहतं.