निळा उडाला, फिनॉल जागेवरच

एप्रिलची दुपार, यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजची गच्ची. "सर, चाळीस मिनिटांत निळा उडाला ना जी!" एम.एस्सी.चा विद्यार्थी बीकर घेऊनच खाली आला. 100 मिली पाणी, त्यात लिटरला 10 मिलिग्रॅम या हिशेबाने मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग आणि 100 मिलिग्रॅम पिवळी पूड. ही पूड म्हणजे युरियाबरोबर भाजलेलं टायटॅनियम डायऑक्साइड; प्रकाश शोषून ते पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं मोडतं. अर्धा तास अंधारात ढवळून मगच उन्हात ठेवलं होतं, म्हणजे रंग पुडीला नुसता चिकटण्याची शंका त्याने आधीच मिटवली होती.

साधं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड (अ‍ॅनाटेज, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट) 387 नॅनोमीटरखालचाच, म्हणजे अतिनील प्रकाश शोषतं. 2001 मध्ये जपानच्या असाही आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन घालून ते दृश्य प्रकाशात चालवून दाखवलं. आम्ही त्यासाठी युरिया वापरतो. टायटॅनियम हायड्रॉक्साइडचा वाळवलेला साका एक भाग, युरिया दोन भाग, खलात घोटून झाकणाच्या क्रुसिबलमध्ये 400 अंशांवर दोन तास.

शेजारी पांढरी पूड लावली. तिनेही निळा उडवला. उन्हात चार-पाच टक्के अतिनील असतंच, तेवढं तिला पुरतं. मग नुसत्या दृश्य प्रकाशात काय होतं ते बघायला बीकर मोठ्या बीकरमध्ये ठेवून मधल्या फटीत सोडियम नायट्राइटचं 2 मोलर द्रावण भरलं. ते 400 नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवतं. पहिल्या खेपेला तोंड उघडं राहिलं आणि वरून अतिनील सरळ आत. अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावल्यावरही दोन्हीकडे निळा फिका पडतच होता. कारण मेथिलीन ब्ल्यू स्वतःच 664 नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश खातो, इलेक्ट्रॉन पुडीला देतो आणि मोडतो. अशा रंगावर दृश्य प्रकाशाचा दावा करूच नये.

म्हणून बिनरंगी फिनॉल घेतलं. मोजायला 4-अमिनोअँटिपायरिन: फिनॉलशी त्याचा रंग बनतो, तो 510 नॅनोमीटरला मोजायचा. सॅलिसिलिक आम्ल मी टाळतो, ते पुडीला धरून स्वतःच पिवळं होतं. तीन तासांनी लिटरला 10 मिलिग्रॅमचं 9.8. म्हणजे काहीच नाही.

भट्टीच्या वहीत उत्तर सापडलं. रात्री दीड तास लाइन गेली होती, तो वेळ मात्र भाजण्याच्या दोन तासांतच धरला गेला. जो गडद पिवळा पाहून आम्ही खूश होतो, तो अर्धवट भाजलेल्या युरियाच्या उरल्यासुरल्या मालाचा होता. तीच पूड उघड्या क्रुसिबलमध्ये 450 वर तासभर ठेवली: 2 ग्रॅमची 1.7 झाली, रंग लिंबाच्या सालीइतका फिका. आता फिनॉल 10 वरून 7.1. हा पिवळेपणा स्फटिकाच्या जाळीत शिरलेल्या नायट्रोजनचाच, असं मी अजूनही म्हणत नाही. युरियापासून पृष्ठभागावर बनणारे ट्रायअझिनचे बहुवारिकही (पॉलिमर) पिवळेच असतात आणि दृश्य प्रकाश खातात.

उन्हात पाणी उडून आकडा फुगतो, म्हणून दर तासाला बीकर तोलून डिस्टिल्ड पाणी भरून घेतलं.

मग मुद्दाम कॉलेजच्या बोअरचं पाणी घेतलं. फिनॉल 9.6 वरच अडकलं. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फिनॉल मोडणारे कण, खाऊन टाकतं. पातळ नायट्रिक आम्लाने पीएच 4 वर आणून हवा फुंकली, म्हणजे बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेलं, कॉस्टिकने परत 7 केलं, तर 8.0. उरलेल्या फरकात क्लोराइडचा वाटा किती, ते बघायला डिस्टिल्ड पाण्यात मीठ घालून नवा प्रयोग लावायचा आहे. त्यासाठीची पूड आता दिवसा भाजतोय, लाइन असताना.