उद्यमनगरातला एक्सपी आणि नोटपॅड++ ७.९.२

कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहती बघा: शिवाजी उद्यमनगर घ्या, शिरोली घ्या, नाहीतर गोकुळ शिरगाव. व्हीएमसीच्या, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या शेजारी धुळीनं करडा झालेला विंडोज एक्सपीचा पीसी अजून भेटतो. मागं ९ पिनांचा सिरियल पोर्ट आहे, मशीनला प्रोग्राम पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर त्यावर नीट बसलंय. चालत्या जोडणीला हात कोण लावणार? पण एक्सपीच्या मूळ नोटपॅडमध्ये प्रोग्राम दुरुस्त करायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. नुसत्या एलएफनं (‘लाइन फीड’ या न दिसणाऱ्या खुणेनं) ओळ तोडलेली फाइल आली की अख्खा प्रोग्राम एका ओळीत, मधेमधे चौकोन.

इथं नोटपॅड++ हा फुकट मिळणारा एडिटर टाकायचा तर आवृत्ती ७.९.२. एक्सपीवर चालणारी ती शेवटची. त्यापुढची घेऊन वेळ घालवू नका. आधी माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीचा शेवटचा मोठा अपडेट) आहे ना ते बघा. एक्सपी बहुतेक ३२-बिटच असतो. ६४-बिटचा इन्स्टॉलर चालवलात तर ३२-बिट सिस्टिमवर ही आवृत्ती बसत नाही असा संदेश देऊन तो थांबतो. फाइल खराब नसते, चुकीची उचललेली असते.

डाउनलोड दुसऱ्या पीसीवर, नोटपॅड++ च्या अधिकृत साइटवरूनच करा. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या सुरक्षित साइट उघडत नाही, आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपलेला एक्सपीचा पीसी नेटला जोडूही नये. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. एक्सफॅट असेल तर वेगळ्या अपडेटशिवाय एक्सपीला तो वाचताच येत नाही. लावताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे ऑटोरन होत नाही, त्यातलं काही आपोआप चालू होत नाही. कारखान्यातले पेनड्राइव्ह दहा हातांतून फिरतात, तेव्हा एवढं कराच.

इन्स्टॉल करताना घटकांच्या यादीतली ऑटो-अपडेटरची खूण काढा. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर झिप पॅकेज घ्या. एक्सपी झिप स्वतः उघडतो, ७झेड उघडत नाही. झिपवाल्याच्या सेटिंग्ज त्याच फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळं तीन पीसींवर सारखीच मांडणी हवी तर फोल्डर कॉपी केला की झालं.

खरा घोळ पुढं आहे. सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअप इथं ‘सेशन स्नॅपशॉट’ मुळातच चालू असतो. दर ७ सेकंदांनी तो न साठवलेला मजकूर बाजूला ठेवतो. ऑपरेटरनं फीड, म्हणजे कापताना टूल सरकण्याचा वेग, एफ२०० चा एफ१२० केला, सेव्ह न करता खिडकी बंद केली, तर एडिटर काही विचारत नाही. परत उघडलं की पडद्यावर एफ१२० च दिसतो. डिस्कवरच्या फाइलमध्ये मात्र एफ२००, आणि पाठवणारं सॉफ्टवेअर उचलतं ती डिस्कवरची. टूल मोडल्यावर ‘मी तर बदलला होता’ यावर वाद. ऑफिसात ही सोय सोन्यासारखी असेल, मशीनपाशी ती खूण काढलेलीच बरी. मग बंद करताना सेव्ह करायचं का ते विचारलं जातं. टॅबवरची फ्लॉपी लाल असेल तर सेव्ह बाकी आहे, निळी झाली की पाठवा.

तिथंच न्यू डॉक्युमेंटमध्ये फॉरमॅट (ओळ तोडायची पद्धत) विंडोज आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ॲन्सी ठेवा. ‘यूटीएफ-८ बॉम’ निवडलं गेलं तर प्रोग्राम ज्यानं सुरू होतो त्या पहिल्या % च्या आधी तीन बाइट बसतात. एडिटरमध्ये त्या दिसत नाहीत, पण केबलमधून जाऊ शकतात. ओळी कशानं तुटल्यात ते व्ह्यू, शो सिम्बॉल, शो ऑल कॅरॅक्टर्समध्ये कळतं. फोल्डर ऑप्शन्समधली एक्सटेन्शन लपवण्याची खूणही काढा, नाहीतर प्रोग्राम फाइलच्या .एनसी च्या मागं .टीएक्सटी चिकटलेलं लक्षात येत नाही.

मेनू मराठीतही मिळतात. अक्षरांऐवजी चौकोन आले तर कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस इथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा. एक्सपीची सीडी किंवा तिच्यातला आय३८६ फोल्डर हाताशी ठेवा, तो मागितला जातो, नंतर रीस्टार्ट. प्रोग्राममधल्या कंसातल्या कॉमेंट मात्र रोमन लिपीतच लिहा. ॲन्सी फाइलमध्ये ‘रफिंग’ मराठीत लिहिलंत की नुसती प्रश्नचिन्हं उरतात.