प्रतिकृती तलवार घेताना मुठीच्या आत काय आहे ते पाहावे

तलवारीची प्रतिकृती विकत घेणाऱ्याची नजर बहुधा पात्याच्या चकाकीवर आणि मुठीवरील नक्षीवर खिळते. निकृष्टपणाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र मुठीच्या आत दडलेला असतो, म्हणून माझी पाहणी तेथूनच सुरू होते. चांगल्या तलवारीत पात्याचेच पोलाद, सलग, पुरेसे रुंद आणि जाड राहून मुठीत खोलवर गेलेले असते. पाते जेथे मुठीत शिरते तेथील कोपरेही किंचित गोलसर ठेवलेले असतात, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तेथूनच जातो. स्वस्त तलवारीत मात्र पात्याच्या बुडाला आटे पाडलेली एक बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली असते आणि ती मुठीच्या टोकाशी नटाने आवळलेली असते. अशी तलवार भिंतीवर वर्षानुवर्षे सुखाने राहील. पण ती जोरात फिरवली तर जोड तुटून पाते समोरच्या माणसाच्या अंगावर जाऊ शकते. त्यामुळे शोभेची वस्तू ‘वापरण्यायोग्य’ म्हणून विकणे ही मला नुसती अतिशयोक्ती वाटत नाही, तो जिवाशी खेळ आहे.

जपानी कताना धाटणीच्या तलवारीत ही तपासणी सोपी असते. तिची मूठ बांबूच्या खुंटीने धरलेली असते आणि ती खुंटी काढली की मूठ सरकवून आतला भाग पाहता येतो. मूठ कायमची बसवलेली असेल, तर ती बसवण्यापूर्वीचे छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे.

पोलादाबाबत एक गैरसमज फार रुजलेला आहे. स्टेनलेस स्टील गंजाला दाद देत नाही, म्हणून ते श्रेष्ठ, असे अनेकांना वाटते. लहान सुरीसाठी ते उत्तम असते. तलवारीच्या लांब पात्यात मात्र सर्वसाधारण स्टेनलेस स्टील आघाताने तुटण्याचा धोका मोठा असतो. वापराच्या तलवारींसाठी 1060 सारखे कार्बन पोलाद किंवा 5160 सारखे स्प्रिंग पोलाद निवडतात. 1060 या क्रमांकातील शेवटचे दोन अंक सुमारे 0.60 टक्के कार्बन दर्शवतात. अर्थात, पात्याला पाणी नीट दिलेले नसेल, म्हणजे ते तापवून थंड करण्याची प्रक्रिया नीट झालेली नसेल, तर उत्तम प्रतीचे पोलादही वाया जाते. म्हणून विक्रेता केवळ क्रमांक सांगून थांबला आणि कठिणतेबद्दल काहीच बोलला नाही, तर मी पुढे विचारतेच.

वजन हा त्याहून बोलका पुरावा आहे. मध्ययुगीन युरोपातील एका हाताने चालवण्याच्या तलवारी साधारणपणे 1 ते 1.5 किलोच्या आसपास असत. जुन्या तलवारी अतिशय जड होत्या ही समजूत निराधार असूनही तिच्याच आधारावर अडीच किलोच्या बोजड प्रतिकृती ‘अस्सल’ म्हणून खपवल्या जातात. पाते वरून, म्हणजे पाठीच्या बाजूने, न्याहाळावे. उत्तम पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे कमी होत जाते आणि तोल हाताच्या जवळ येतो. निकृष्ट पाते सपाट पट्टीतून कापून केवळ कडा घासलेले असते. त्याची जाडी शेवटपर्यंत तेवढीच राहते आणि हातात धरताच टोक खाली ओढते.

पात्यावरील नक्षीत फसवणूक सर्वाधिक होते. कतानाच्या धारेलगत दिसणारी लहरदार रेषा मुळात मातीचा लेप देऊन पाते तापवल्याने आणि झटकन थंड केल्याने उमटते. धार कठीण होते, पाठ तुलनेने मऊ राहते आणि त्या दोहोंची सीमा म्हणजे ही रेषा. नकली रेषा तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने काढलेली असते, तिच्या लाटा एकसारख्या असतात आणि प्रकाशाचा कोन बदलला तरी तिच्यात खोली दिसत नाही. थरांच्या पोलादाची नक्षीही अशीच तपासावी. निरनिराळी पोलादे घडवून एकजीव केलेली असतील, तर नक्षी पाठीवरही आढळते आणि पात्यावरील लांब खोबणीत, म्हणजे पन्हळीत, उतरताना तिची वळणे बदलतात. वरवर छापलेली नक्षी पाठीजवळ येताच अचानक संपते.