लातूर ते तारकर्ली: दम सोडायला शिकताना

मी पवायला शिकले ती औसा तालुक्यातल्या मामाच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. मामा पायऱ्यांवरून ओरडायचा, "दम धर, दम धर!" ते इतकं अंगात मुरलं होतं की या जानेवारीत मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा कोर्स केला तेव्हा सगळ्यात आधी तेच सोडावं लागलं. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी नळी असताना दम धरायचाच नाही. समुद्रात दर १० मीटरला जमिनीवरच्या हवेइतका दाब आणखी चढतो. १० मीटरवर छातीत घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर ती फुगून दुप्पट होते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालू ठेवायचा, काही झालं तरी.

आम्ही गाडीने गेलो. लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. मिरजेत थोडा वेळ थांबलो. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथूनच रेल्वेच्या वाघिणी भरून आमच्या लातूरला पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात मामाच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. घागरीघागरीचा हिशोब ठेवलेल्या बाईला समुद्राच्या पोटात कशाला जायचंय, असं घरात विचारलं गेलं. मला तर वाटतं, ओढ त्यातूनच आली.

सोबत धाकटी जाऊ होती. तिला पोहता येत नाही. तिने पर्यटकांसाठीची छोटी डाइव्ह केली, ज्यात प्रशिक्षक मागून धरूनच असतो. बोटीत माझा हात घट्ट धरून बसली होती. वर आली ती डोळे पुसतच. "अक्का, खाली किती शांत हाय! निस्ता माझाच श्वास ऐकू यायला."

बहुतेक लोक इथेच थांबतात, फोटो घेतात आणि परततात. माझं कळकळीचं सांगणं आहे की पोहता येत असेल आणि तीन-चार दिवस काढता येत असतील, तर कोर्सच करा. धरून नेलेल्या डाइव्हमध्ये मासे दिसतात. वेड लागतं ते स्वतःचं स्वतः तरंगता आलं की. कोर्समध्ये २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. विहिरीत शिकलेल्याला ते जड नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं की वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची, हे मला चौथ्या वेळी जमलं.

तिसऱ्या दिवशी १० मीटरवर, खडकाच्या कपारीत एक गोबरा मासा बसलेला दिसला. मी हातपाय हलवणं थांबवलं. श्वास घेतला की अंग वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. पोटाखाली वाळू, समोर त्याचे उघडझाप करणारे कल्ले. नखांवरचं लाल नेलपॉलिश पार काळपट दिसत होतं, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. गोबरा जागचा हलला नाही. घर, शाळा, उद्याची कामं, काहीही डोक्यात नव्हतं. वीस-वीस वर्षं लोक पुन्हा पुन्हा खाली का जातात, ते मला त्या कपारीपुढे कळलं.

आता जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. सर्दी असेल तर डाइव्ह पुढे ढकला. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळू फुंकर मारा, पहिल्या दोन-तीन मीटरला तर सारखी. दुखलंच तर थोडं वर या, जोर लावू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. चष्मा मास्कखाली बसत नाही; नंबरचा मास्क मिळेल का, हे आधीच विचारा. मिशी असली की मास्कमध्ये पाणी झिरपतं, घाबरायचं कारण नाही. आणि खाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करा.

आमच्या शेजारच्या बोटीवर फोटोसाठी माशांना पाव टाकत होते. मला फार वाईट वाटलं. तुमच्या बोटीवर कुणी असं करत असेल तर स्पष्ट नको म्हणा, आणि प्रवाळावर पाय ठेवू नका.

मराठवाड्यातल्या माणसाने एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. परतीला आपल्याला घाट चढायचा असतो. खोलात रक्तात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात; आम्ही फोंडा घाटासाठीही तेच पाळलं. शेवटचा पूर्ण दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला दिला.

जाऊबाई आता मामाच्या विहिरीवर शिकतेय. परवा तिच्या पाठीला डबा मीच बांधला.