घंगाळातलं नितळ पाणी

तीन दिवस झाले, ते पाणी डोळ्यांपुढून हलत नाही.

मी घरोघरी पाण्यातल्या बागा बसवून देतो. टपात, सिमेंटच्या कुंडीत, एकदा तर कुणाच्या जुन्या सिंकमध्ये. नागपुरात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न फुलाचा नसतो, डासांचा असतो. कूलरच्या टाक्यांनी सगळ्यांना शहाणं केलंय. म्हणून लिलीसोबत आठ-दहा गप्पी मासे सोडतोच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तेवढी सवड गप्पी देत नाहीत.

फेब्रुवारीत मनीषनगरला काम होतं. महालातला वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलेलं कुटुंब, आणि बाल्कनीत वाड्यातलं तांब्याचं घंगाळ. सूनबाईंना त्यातच कमळ हवं होतं. लोक लिलीला कमळच म्हणतात, मी हल्ली दुरुस्त करत नाही. तांब्यात मासे टिकत नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून इतवारी पालथी घालून घंगाळात नेमका बसेल असा प्लास्टिकचा टप आणला. त्याचा काठ घंगाळाच्या काठाखाली बोटभर राहिला. बाहेरून तांबं, आत प्लास्टिक. स्वतःवरच खूष झालो.

लिलीची कुंडी भरताना मी कुणाला हात लावू देत नाही. कोकोपीट बिलकुल नाही, ते तरंगून वर येतं आणि महिनाभर पाण्यात गोल गोल फिरतं. निव्वळ शेतातली काळी माती, खडे वेचलेली. तळाशी मूठभर शेणखत, तेही वर्षभर कुजलेलं. कच्चं घातलं की पाणी सडतं. कंदाचा कोंब मातीबाहेर, वर कन्हानच्या रेतीचा बोटभर थर. मग कुंडी तिरपी धरून सावकाश बुडवायची, आतली हवा बुडबुड करत निघेपर्यंत. घाई केली की सगळी माती वर, आणि आठवडाभर चहासारखं पाणी. व्हिडिओवाले हे कधी दाखवत नाहीत. ते चकचकीत तांब्याच्या उरळीत, म्हणजे पसरट भांड्यात, मासे सोडून दाखवतात आणि पुढच्या आठवड्याचं काही सांगत नाहीत.

मे महिना हिरव्या नेटखाली निघाला. रोज संध्याकाळी बोअरचं पाणी वरून घालायचं, एवढंच काम. जूनमध्ये पावसाने पहिला दणका दिला आणि दोन दिवसांनी फोन आला. "दादा, मासे मेले हो. पण पाणी काय सुंदर झालंय!"

पाणी खरंच सुंदर होतं. उन्हाळा काढलेलं पाणी थोडं तरी हिरवट हवं. हे काचेसारखं. लिलीला एक जांभळं फूल, आणि खाली तळ लखलखत होता. तांब्याचा तळ. लिलीसोबत आलेल्या बारक्या गोगलगायींचे नुसते शंख पडलेले. पाण्याच्या रेषेवर हिरवट कडी धरलेली. माझा टप बाथरूममध्ये होता, त्यात कपडे भिजत होते.

"मीच काढला," आजी म्हणाल्या. "इतकं चांगलं घंगाळ आणि आत प्लास्टिक? चिंच लावून घासलं, मग कुंडी ठेवली. पाच लेकरांची आंघोळ केली ना बाप्पा मी यातल्या पाण्यानं. तांब्यातलं पाणी शुद्ध राहते."

आजींचं बरोबरच होतं, तीच तर अडचण. शेवाळ मेलं म्हणून पाणी नितळ, आणि ज्यानं शेवाळ मेलं त्यानंच मासेही. माझं बालपण काटोलकडे संत्र्याच्या बागेत गेलं. डिंक्या रोगाला खोडावर बोर्डो नावाचं औषध फासतात, त्यातलं मोरचूद म्हणजे तांब्याचंच. त्या बादल्या बाबा विहिरीजवळ धुऊ देत नसत. टप काढून दहा-बारा दिवस झाले होते, मग मासे आत्ताच का मेले? माझा अंदाज असा की बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात तांब्याचा जोर कमी पडत होता. पावसाचं हलकं पाणी भरलं आणि तो आवरला नाही.

हे आजींना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "आजी, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवाल का?"

"काहून ठेवीन? कळकते ना."

"मासे कळकले."

त्या बराच वेळ घंगाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं ना, बाबू."

सांगितलं होतं मी. सूनबाईंना, दोनदा, वर व्हॉट्सअॅपवरही. आजी तेव्हा तिथेच झोपाळ्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहून फक्त हसलो होतो. आम्ही पैसे देणाऱ्याशी बोलतो, आणि पाणी घालणारं माणूस बहुतेक घरांत दुसरंच असतं.

टप धुऊन परत बसवला. नवे गप्पी आठवड्याने सोडीन म्हणालो. काल आजींचा स्वतःचा फोन आला: कल्हईवाला सापडलाय, आतून कल्हई करून घेतली तर प्लास्टिक काढता येईल का? ताकाला चालते ती कल्हई. पण ताक रात्रभर राहतं, मासे वर्षभर. आणि आजी पुन्हा चिंच लावणार नाहीत याचा भरवसा कोण देणार? विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.