मथळ्यातून गळलेले वय

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीची उपसंपादक होते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ३८,७७२ स्त्रियांच्या अभ्यासाची बातमी वृत्तसंस्थेकडून आली, तेव्हा पान सोडायला जेमतेम अर्धा तास उरला होता. पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक आढळले होते आणि लोहाच्या बाबतीत हा संबंध विशेष ठळक होता. तीन कॉलमांत बसावा म्हणून मी मथळ्यातला ‘वृद्ध’ हा शब्द काढला आणि ‘लोह, जीवनसत्त्वांच्या गोळ्या घातक’ असे लिहून पान पाठवून दिले.

दोन दिवसांनी एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा फोन आला. “ताई, तुमच्या पेपरचं कात्रण घेऊन एका पोरीची सासू आलीय. पोरीला सहावा महिना आहे, हिमोग्लोबिन आठ आहे, आणि त्या लाल गोळ्यांची पाकिटं परत करतायत. मी त्यांना काय सांगू?”

मी मूळ कॉपी पुन्हा काढली. १९८६ मध्ये अभ्यास सुरू झाला तेव्हा त्या स्त्रियांचे सरासरी वय ६१ च्या पुढे होते. पाळी थांबलेल्या बाईची लोहाची गरज आणि पोटात मूल वाढवणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईची गरज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय ही काहींना गोळी देऊन आणि काहींना न देता केलेली चाचणी नव्हती. स्त्रियांनी प्रश्नावलीत स्वतः भरून दिलेल्या माहितीवर सारे आधारलेले होते, त्यामुळे एखाद्या आजाराने रक्त कमी झाले म्हणूनच कोणी लोह सुरू केले असेल, तर दोष गोळीचा की आजाराचा, हे त्यातून ठरत नव्हते. कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते, आणि नेमका तोच परिच्छेद मी जागेअभावी कापला होता.

त्याच आठवड्यात ई जीवनसत्त्वाचा निष्कर्षही प्रसिद्ध झाला. तो मात्र पुरुषांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या खऱ्या चाचणीचा होता, म्हणून अधिक भक्कम. रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे सुमारे सात वर्षांत दर हजारी ६५ ऐवजी ७६ रुग्ण. असे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाचकाला धोका खरा आहे हेही कळते आणि तो किती आहे हेही कळते. माझ्या बातमीत यातले काहीच नव्हते.

मी नर्सबाईंना उलट फोन करून सगळे सांगितले आणि संपादकांकडे खुलाशाची चौकट मागितली. ती मिळाली, पण आतल्या पानाच्या तळाशी, एका कॉलमात. ‘गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत’ हे वाक्य मी तिच्या सुरुवातीलाच घातले.

आठवड्याने नर्सबाईंनी कळवले की सासूबाई पाकिटे परत घेऊन गेल्या. चौकटीचे कात्रण हातात घेऊन त्यांनी एकच विचारले होते, “हे आणि ते, एकाच पेपरात आलंय का?”