तलवारीचं अर्धं पान, उधारीची चार

आमच्या खेळाच्या वहीत मारामारीच्या नियमांना अर्धं पान आहे आणि उधारीच्या नियमांना चार. २००८ च्या सुमारास नाशिकला आमच्या गच्चीवरच्या खोलीत पहिल्यांदा जमलो तेव्हा सगळं वजन मारामारीकडे होतं. मधल्या वर्षांत ते कसं फिरलं, ते सांगते.

ज्यांनी हा प्रकार, म्हणजे 'रोल-प्लेइंग' खेळ, पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण सतरंजीवर नाहीतर टेबलाभोवती बसतात. एकजण जग सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. "मी पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवतो" असं कुणी म्हणालं की ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात, आणि पुढची गोष्ट त्यातून निघते. जग सांभाळणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. इतकी वर्षं ते काम माझ्याच गळ्यात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला आणि तिथून ही सगळी परंपरा सुरू झाली. तो खेळ निघाला टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. म्हणून त्याच्या नियमांचा मोठा हिस्सा कोण कुणाला कसा मारतो याचाच.

मामेभावाने कुठून तरी त्याच्या झेरॉक्स आणल्या होत्या. आम्ही काही महिने तळघरांतले राक्षस मारले. मजा यायची, नाही असं नाही. पण माझं घर पांडवलेण्यांच्या पायथ्यापासून फार लांब नाही, आणि शाळेच्या सहलीपासून पाहिलेली ती लेणी डोक्यात असताना युरोपातले किल्ले रंगवायचे याचा मला कंटाळा यायला लागला. मग आपलंच काहीतरी करू म्हणून बसले.

दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचा, उषवदाताचा, एक शिलालेख आहे. राजेलोकांचे लेख म्हणजे दानं आणि पराक्रम, अशी माझी समजूत होती. हा लेख वाचला तर बँकेच्या पासबुकासारखा निघाला. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, ठेवलेत. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. करून पाहा हिशेब: दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस जणांना बारा-बारा. पैसा न् पैसा जुळतो. त्याच लेखात एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण असा भावही दिलाय. मी त्या संध्याकाळी ठरवलं की आपला खेळ व्यापाऱ्यांचा.

तर काळ सातवाहन-क्षत्रपांचा, आणि पात्रं म्हणजे एका सार्थातली माणसं, बैलांच्या तांड्याबरोबर माल घेऊन फिरणारी. नकाशा करताना किलोमीटर सोडून दिले. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं बंदरांचं वर्णन आहे. त्यात भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, पूर्वेला दहा दिवसांवर असं म्हटलंय. (तेर खरं तर आग्नेयेला आहे, पण तो बिचारा बंदरावर ऐकून लिहीत होता.) म्हणून आमच्या नकाशावर फक्त मजला आहेत. एक चौकोन, एक मुक्काम, एक दिवसाचा चारा.

पहिल्या मसुद्यात मी शस्त्रं, चिलखतं, जखमा यांवर पानंच्या पानं लिहिली होती, कारण असे खेळ तसेच लिहितात असं पाहिलं होतं. परिणाम असा की नाणेघाटातल्या जकात नाक्यावर पोचल्या पोचल्या मंडळींनी नाकेदारालाच कापून काढला. मी म्हटलं, अरे, तुम्ही व्यापारी ना? तर शाळेत गणित शिकवणारी माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "वहीत मारायला बारा पानं आहेत, जकात भरायला एक ओळ. आम्ही काय करणार?" मला तिचं म्हणणं पटलं. खेळणारे वहीतलं वजन बघतात, प्रस्तावनेतला हेतू नाही. पुढची कित्येक वर्षं मी तेच करत आले: टेबलावर ज्या गोष्टीवरून भांडण व्हावंसं वाटतं, तिथे नियम घालायचे, बाकीकडचे काढून टाकायचे.

फाशांचा प्रश्न आधी सुटला. वीस पैलूंचे फासे तेव्हा नाशकात मिळत नव्हते आणि मला ते नकोही होते. आजीकडे पट खेळायच्या कवड्या होत्या, पण त्या सारख्या पडत नाहीत; पाठ किती फुगीर आहे यावर प्रत्येकीची लहर. शेवटी चिंचोके घेतले. एक बाजू फरशीवर घासून पांढरी करायची, मूठभर टाकायचे आणि पांढरे मोजायचे. घासताना जास्त गेलेला चिंचोका एकाच बाजूवर बसायला लागतो, म्हणून मी ताटात टाकून टाकून खुणा केल्या आणि पक्षपाती बिया वगळल्या. साध्या कामाला पाच बिया. पात्राला त्या कामाचं कसब असेल तर एक जास्त, पाऊस किंवा थकवा असेल तर एक कमी. दोन किंवा त्याहून कमी पांढरे आले तर काम फसलं. चार किंवा जास्त आले तर जमलं. तीन आले तर जमलं, पण किंमत मोजून.

हा तीनचा आकडा माझा सगळ्यात लाडका. सहा बिया टाकल्या तर चौसष्ट शक्यता होतात. त्यांतल्या बावीस फसण्याच्या, बावीस जमण्याच्या आणि वीस 'किंमत मोजून'च्या. म्हणजे थोडंफार कसब असलेल्या माणसाचं नशीब जवळजवळ तीन सारख्या वाटण्यांत विभागलं जातं, आणि गोष्ट चांगली होते ती मधल्या वाटणीत. ओढा पार झाला, पण मिठाची गोणी भिजली. नाकेदाराने सोडलं, पण आता त्याच्या मेव्हण्याला बरोबर न्यायचंय. तो मेव्हणा पुढे तीन वर्षं आमच्याबरोबर होता.

चिंचोक्यांना भुंगे लागतात हे मात्र कुठल्याही खेळाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. एका पावसाळ्यात अख्खी बरणी पोखरली गेली.

उधारीचे नियम चिंचोक्यांइतके सरळ आले नाहीत. पात्रांना अनुभवाने वर चढायच्या पातळ्या वगैरे नकोत, हे ठरलं होतं. मग माणूस मोठा झाला हे दिसणार कशावरून? उत्तर मिळालं ते गावनिहाय पत मोजण्यात. प्रत्येक पात्राची प्रत्येक गावात वेगळी पत, शून्य ते पाच. जुन्नरला पाच असलेला माणूस सोपाऱ्याला शून्य असू शकतो. जेवढी पत तेवढ्या बिया जास्त, आणि तेवढंच कर्ज. बोललेला शब्द पाळला नाही की त्या गावातली पत पडते, आणि तिथे ज्याने तुमची हमी घेतली होती त्याचीही. हा दुसरा भाग लिहिला आणि टेबलाचा नूरच बदलला. आपल्या दुकानाचा जीएसटी भरताना रडणारा माणूस इथे रात्री बारा वाजता दुसऱ्याला समजावतोय, की तू तगरच्या कापडाची बोली करू नकोस, हमी माझी आहे.

श्रेण्यांसाठी मला फार कल्पना लढवावी लागली नाही. जुन्नरच्या लेण्यांतच धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं दिल्याचा लेख आहे, कासारांचा आणि बांबूकाम करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. बायकांवरून एकदा वाद झाला. नव्याने आलेल्या एकाचं म्हणणं, सार्थात बायका कुठून आल्या, आणि पैसा त्यांच्या हातात कसा. मी त्याला पुढच्या रविवारी लेण्यांवर नेलं आणि तिसऱ्या लेण्यातला, गौतमीपुत्र सातकर्णी राजाच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेणं दान दिल्याचा लेख दाखवला. कार्ले-कान्हेरीला तर साध्या घरांतल्या बायकांनीही स्वतःच्या नावाने दानं दिलेली आहेत. दान द्यायचं तर हातात काहीतरी असावं लागतं. शिवाय गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावं लावणारा काळ आहे हा. तेव्हापासून आमच्याकडे पात्र तयार करताना पहिलं नाव आईचं ठरतं. तोच मुलगा आता नावाआधी आईच्या नावे असलेलं कर्जही विचारून घेतो.

भाषेचं मात्र सैल सोडलं. सुरुवातीला सगळे पौराणिक मालिकेतल्यासारखं "हे सार्थवाहा" करायचे आणि हसायचे. आता जकातदार अस्सल नाशिकच्या ठसक्यात बोलतो आणि कुणाला खटकत नाही. एक नियम तेवढा कडक आहे. मिरची, बटाटा, शेंगदाणा ही पोर्तुगिजांनंतरची मंडळी. मुक्कामाच्या जेवणात त्यांचं नाव घेतलं की एक बी जप्त. समोर मिसळीच्या वाट्या असताना हा नियम पाळणं अवघड जातं.

सूत्रधाराचं काम म्हणजे गोष्ट रचणं, असा नव्यांचा समज असतो. मी पहिली दोन-तीन वर्षं रचायचे आणि मंडळी दुसऱ्याच वाटेने जायची. आता चातुर्मासात एकच पान लिहिते. चिखलात बैल चालत नाहीत, म्हणून खेळातही तो काळ घरी बसायचा; दसऱ्याला सीमोल्लंघन करून सार्थ निघतो. त्या पानावर तीन गोष्टी असतात: कुठल्या गावाला यंदा काय हवंय, कोण कुणावर चिडलंय, कुठली वाट बंद झालीय. एका वर्षी मी लिहिलं, 'कल्याण बंद.' हे पेरिप्लसमधूनच उचललेलं: कल्याण बंदराची अडवणूक सुरू झाली आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्याखाली भडोचला नेली जाण्याची भीती असे. मंडळींचे पैसे कल्याणला येणाऱ्या तांब्यात आणि काचेत अडकलेले. त्या दोन शब्दांवर आम्ही जवळपास वर्षभर खेळलो, आणि मला पुढचं काही लिहावंच लागलं नाही.

माणसं गळतात, हा अशा लांब खेळाचा खरा प्रश्न. एकाची बदली झाली, एकीला बाळ झालं, मामेभाऊ कॅनडाला गेला. बहुतेक गट इथेच संपतात. आम्ही त्यालाही नियम केला: जो जातो त्याचं पात्र कुठल्या तरी गावी पेढी टाकून राहतं. मामेभाऊ तगरला आहे. सुट्टीत आला की एक संध्याकाळ तगरमध्ये खेळायची, बाकी वर्ष तो व्हॉट्सअ‍ॅपवर भाव कळवतो. त्यामुळे कुणी गेलं तर नकाशा मोठा होतो. २०२० मध्ये सगळेच घरात अडकले तेव्हा व्हिडिओ कॉलवर खेळलो. मोबाइल डब्यावर आडवा ठेवून त्याखाली ताट, ताटात बिया. स्टीलच्या ताटाचा रात्री साडेअकराला काय आवाज होतो ते खालच्या काकूंना विचारा. तेव्हापासून ताटात रुमाल आला. त्याच काळात एकाचं पात्र म्हातारपणाने गेलं आणि त्याचं कर्ज कुणी फेडायचं यावर दोन रविवार गेले. निकाल असा लागला: बैल हवे असतील तर देणंही घ्यायचं, नाहीतर दोन्ही सोडायचं. हे आता वहीत आहे.

सध्या आमच्या खेळात नहपान हरलाय. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. ही गोष्ट मी बरीच वर्षं राखून ठेवली होती. मंडळींकडे नहपानाची नाणी भरलेला रांजण आहे आणि बाजारात ती घेताना लोक कुरकुरायला लागलेत. नवा छाप मारून घ्यायला विसात एक नाणं असा दर मी ठेवलाय. दुकानदार म्हणतो ही लूट आहे. गणिताच्या बाईंनी विणकरांच्या श्रेणीशी दर घासायचं ठरवलंय, तिथे त्यांची पत पाच आहे. तगरहून निरोप आलाय की छाप-बिप काही नको, चांदी वितळवा आणि वजनावर विका. मला तिन्हींपैकी काय चालेल ते ठाऊक नाही, दसऱ्यानंतरच्या रविवारी बिया टाकू.